बिल्ड फेल, आणि दोष लिहिणाऱ्याला

मंडळी, स्टॅटिक साइट चढवताना बिल्ड फेल झालं की सल्ला ठरलेला. कॅशे साफ करा, पुन्हा चालवा. नाही झालं? परत चालवा! टीव्हीच्या डोक्यावर थापट्या मारायचे दिवस गेले असं वाटलं होतं...

समजा, आमच्या कळमेश्वरच्या एखाद्या संत्रा बागायतदाराची नऊ पानांची साइट आहे, ह्यूगोवर. कलमं, आंबिया बहार, मृग बहार, फोन नंबर, बस्स. पानाच्या वर टायटलपुढे त्याने लिहिलं - मृग बहार: यंदाचा भाव. झालं, बिल्ड आडवं. का? तर वरच्या चौकटीतली वायएएमएल नावाची भाषा तो दुसरा कोलन बघून गोंधळते. सगळं टायटल अवतरणचिन्हांत घातलं की प्रश्न मिटतो. लॉगमध्ये फाइलचं नावही दिलेलं असतं, पण लोक शेवटची ओळ वाचतात. शेवटच्या ओळीत नुसतं "फेल" असतं, कारण वर, पहिल्या एररपाशी असतं. नेट मध्येच तुटलं असेल तर पुन्हा चालवून उपयोग. कोलन चाळीस वेळा चालवला तरी कोलनच राहणार.

हे निदान लिहिणाऱ्याच्या हातातलं तरी आहे. बाकीच्याचं काय? २२ मार्च २०१६ ला अझेर कोचुलू यांनी नावाच्या भांडणातून आपली पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड होतं, जेमतेम ११ ओळींचं. जगभरची बिल्ड्स कोसळली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नोड १७ नव्या ओपनएसएसएलसह आलं आणि जुन्या वेबपॅकवरच्या साइट्स एक अक्षरही न बदलता फेल व्हायला लागल्या. यात बागायतदाराने काय केलं बाप्पा?

जाणकार म्हणतात, लॉक फाइल ठेवा. ठेवावीच. पण ती पॅकेजेसच्या आवृत्त्या धरून ठेवते, नोडची नाही. ती वेगळी बांधावी लागते, हे सांगायला कुणी येत नाही. वर विंडोजवर हेडर आणि लिनक्सवर हेडर हे मोठ्या-छोट्या अक्षराने दोन वेगळे प्राणी! घरच्या कॉम्प्युटरवर चालतं, सर्व्हरवर नाही. आपल्या लिपीत हा भेदच नाही, त्यामुळे नजर तिथे जातच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एवढ्याशा साइटचं बिल्ड दर वेळी परक्या सर्व्हरवर करायचंच कशाला? घरी करा, डोळ्यांनी बघा, तयार झालेलं एचटीएमएल जपून ठेवा आणि तेच चढवा. सर्नचं १९९१ चं पहिलं संकेतस्थळ २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवलं गेलं. ते आजच्या ब्राउझरमध्ये बिनतक्रार उघडतं, कुठलंही पॅकेज न मागता. दहा जण रोज लिहितात तिथे यंत्राने बांधावं, माझी ना नाही. पण वर्षातून दोनदा भाव बदलणाऱ्या बागायतदाराला शेकडो अनोळखी पॅकेजेसच्या भरवशावर बसवायचं आणि वर "तुम्हाला टेक्निकल कळत नाही" म्हणायचं, हे मला पटत नाही.