हे खापर्डे कोण?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत श्रीगजाननविजयाचें पारायण ज्या घरीं कधींच झालें नाहीं असें घर विरळाच. परवां आमच्या घरीं पंधरावा अध्याय चालला असतां नातवानें मध्येंच पृच्छा केली, "आजोबा, टिळक ठाऊक आहेत, पण हे खापर्डे कोण?" प्रसंग अकोल्याच्या १९०८ सालच्या शिवजयंतीचा, त्या सभेस शेगांवाहून महाराजही गेले होते. पोथी मध्येंच थांबवूं नये म्हणून त्यास गप्प बसविलें. रात्रीं उत्तर दिलें, तेंच येथें लिहितों.

गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचा जन्म १८५४ सालचा, वऱ्हाडांतला. वडील गरिबींतून वर येऊन मामलेदार झाले. दादासाहेब मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकले, १८८४ सालीं एल्‌एल्. बी. झाले, आणि कांहीं वर्षें सरकारी नोकरी करून उमरावतीस वकिली करूं लागले. १८९७ ची राष्ट्रसभा तेथें भरली, तेव्हां स्वागतमंडळाचे अध्यक्ष तेच. विनोदी बोलणें आणि खर्चाचा हात इतका सढळ कीं, लोक त्यांस 'वऱ्हाडचे नबाब' म्हणत.

इतकें कोणत्याही कोशांत सांपडेल. आम्हांस मात्र त्यांच्या घराकडे पाहावेंसें वाटतें. अकोल्याची सभा झाली त्याच वर्षीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि अपिलाच्या खटपटीसाठीं दादासाहेब विलायतेस गेले ते १९१० सालीं परतले. आम्ही शाळामास्तर, आजारी पडलों तरी पगार घरीं येत असे. वकिलाचें तसें नसतें. तो कोर्टांत उभा राहील तेव्हां घरीं पैसा. दोन वर्षें तो समुद्रापार, तर अशिलें दुसऱ्याच्या ओसरीवर जातात, आणि गेलेलीं सर्वच माघारीं येतात असें नाहीं. 'नबाबा'चा संसार मात्र एका रात्रींत आटोपता घेतां येत नाहीं! टिळकांच्या त्या खटल्याची हकीगत सांगतांना दादासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचें नांव घेतलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

या बाईंची भेट होते ती साईसच्चरितांत. १९११ च्या अखेरीस दादासाहेब शिरडीस जाऊन राहिले. लक्ष्मीबाई व धाकटा बळवंतही तेथें होते. मुलास ज्वर येऊन प्लेगच्या गांठी उठल्या. त्यास घेऊन उमरावतीस परतावें असें आईच्या मनानें घेतलें, आणि कांपत कांपत ती साईबाबांची अनुज्ञा मागावयास गेली. बाबांनीं कफनी वर करून आपल्याच अंगावर उठलेल्या चार गांठी तिला दाखविल्या, असें पोथी सांगते. पंचदशी दुसऱ्यांस समजावून देणारे दादासाहेब बाबांपुढें मौन धरून बसत, असेंही तींत आहे. त्यांचा मुक्काम चार महिन्यांचा, लक्ष्मीबाईंचा सात महिन्यांचा.

पुढें दादासाहेब कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें गेले. लक्ष्मीबाई १९२८ सालीं वारल्या; दादासाहेब १९३८ च्या जुलैंत. पुत्र बाळकृष्ण यांनीं वडिलांचें चरित्र लिहिलें.

हें ऐकून नातवाचा दुसरा प्रश्न तयार: "मग टिळक सुटले का?" प्रिव्ही कौन्सिलानें अपिलास परवानगीच दिली नाहीं; टिळक मंडालेहून परतले ते शिक्षा भोगूनच, १९१४ सालीं. "मग खापर्ड्यांनीं दोन वर्षें तिकडे काय केलें?" असें तो म्हणाला. त्यास रविवारीं पुन्हां बसवावें लागणार.