संदेश पोहोचतो कसा?

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली बेल प्रयोगशाळेत संदेशवहनाचा आराखडा मांडला: स्रोत, प्रेषक, वाहिनी, ग्राहक, मुक्काम आणि वाटेत मिसळणारा गोंगाट. तारायंत्र-दूरध्वनीसाठीची ही मांडणी पुढे माणसांच्या संवादालाही लावली गेली. त्याच वर्षी हॅरॉल्ड लासवेल यांनी पाच प्रश्न दिले: कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला सांगतो आणि परिणाम काय होतो? दोन्ही मांडण्या एकमार्गी होत्या. विल्बर श्रॅम यांनी १९५४ मध्ये प्रतिसाद आणि सामाईक अनुभवविश्व यांवर भर दिला.

१९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतील ईरी काउंटीत मतदारांची पाहणी केली. वृत्तपत्र-रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसांचा शब्द अधिक वजनदार ठरतो, असे त्यांना आढळले. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी ‘फॉरवर्ड’ केलेला काढा बिनशंक उकळला जातो, त्यामागेही हाच विश्वास असतो.

अफवा आणि बातमी एकाच पडद्यावर येत असताना ही प्रारूपे वाचकाच्या हाती असायला हवीत. म्हणून या अंकात त्यांची ओळख कालक्रमाने, रोजच्या उदाहरणांसह करून दिली आहे. वाचकांनी आपले अनुभव आणि मतभेद आम्हांला जरूर कळवावेत.