स्वसंरक्षण म्हणजे फक्त लाठीकाठी नव्हे

जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत वर्गणी, मंडप, डीजे आणि मिरवणुकीचा मार्ग यावर बैठका होतात. वाटेत कुणी खोडी काढली तर काय करायचे, यावर मात्र कुणी बोलत नाही. मग नाक्यावर एक शिवी ऐकू येते, दोन पोरं धावून जातात आणि रात्री गुन्हा दाखल होतो आपल्याच मुलांवर. पुढे पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तीच केस आडवी येते. वस्त्यांत काम करताना हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

‘दरवेळी आम्हीच शांत राहायचे का?’ हा तरुणांचा प्रश्न रास्त आहे. हल्ल्याची जबाबदारी हल्लेखोराची, आणि संरक्षणाची जबाबदारी शासनाची. पण शांत राहणे आणि सहन करणे यात फरक आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर, सत्याग्रही वीरेश्वर मंदिरात शिरणार अशी अफवा पसरली आणि आपल्या लोकांवर हल्ला झाला. अनुयायी प्रत्युत्तराला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. प्रकरण कोर्टात गेले आणि काही हल्लेखोरांना शिक्षा झाली. त्यांनी हा संयम पाळला तो घाबरून नव्हे, विचार करून.

असा संयम आयत्या वेळी येत नाही, तो सरावाने येतो. समोरचा अंगावर आला तर दोन हात अंतर ठेवणे, तळवे उघडे आणि आवाज खाली ठेवणे, एकानेच बोलणे व बाकीच्यांनी मागे सरणे, समोरच्यालाही माघारीची वाट ठेवणे. मिरवणुकीत पोलिसांशी कोण बोलणार, डीजे कोण बंद करणार, महिला-मुलांना बाहेर कोण काढणार, चित्रीकरण कोण करणार, हे आधीच ठरवायला हवे. पकड सोडवणे आणि डोके वाचवणे हेही शिकावे. निसटून सुरक्षित जागी पोहोचणे हेसुद्धा स्वसंरक्षणच आहे.

कायदाही माहीत हवा. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. पण बळ गरजेपुरतेच वापरता येते. हल्लेखोर पळाल्यावर त्याला गाठून मारणे हा बचाव ठरत नाही.

कामाच्या ठिकाणी दगड येत नाहीत, टोमणे येतात. ‘कोट्यातून आलेला’ असे कुणी म्हटले की आपण एक तर गप्प बसतो, नाही तर भडकतो. त्यापेक्षा शांतपणे ‘हे पुन्हा बोलू नका’ असे सांगावे, तारीख, वेळ आणि शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत, कोण हजर होते ते नोंदवावे. अॅट्रॉसिटी कायद्यात जातीवरून केलेला अपमान लोकांसमक्ष झाला का, हे पाहिले जाते. म्हणून साक्षीदार महत्त्वाचा. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. आपल्या भगिनींना तिचे सदस्य कोण, हे ठाऊक असले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. जयंतीपूर्वीचे दोन रविवार विहारात या सरावाला द्या. एक वकील, एक कराटे शिक्षक आणि महिला मंडळ यांना सोबत घ्या. ११२ आणि अत्याचारविरोधी हेल्पलाइन १४५६६ हे क्रमांक फलकावर लिहा. समता सैनिक दलाचा वारसा सांगणाऱ्यांनी गणवेशाइतकाच सरावही जपला पाहिजे. मिरवणुकीला निघालेले प्रत्येक मूल रात्री घरी परतले पाहिजे, आणि त्याच्या नावावर एकही केस नसली पाहिजे.

जयभीम!