विश्लेषण : ‘इथे गरिबीमुळे, तिथे वयामुळे’ सांगणारे नकाशे किती भरवशाचे?

करोनाकाळात संशोधकांनी अमेरिकेच्या कौंटीनिहाय (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांसारख्या) आकडेवारीवर ‘जीडब्ल्यूआर’ ही पद्धत वापरली. कुठे संसर्गाचा संबंध उत्पन्नाशी, कुठे आणखी कशाशी, असे तिचे नकाशे दाखवतात. अशा नकाशावरून निधी कुठे द्यायचा हे ठरणार असेल, तर त्यामागची एक निवड समजून घ्यायला हवी.

जीडब्ल्यूआर म्हणजे काय?

क्रिस ब्रन्सडन, स्टुअर्ट फॉदरिंगहॅम आणि मार्टिन चार्लटन यांनी १९९६ मध्ये ही पद्धत मांडली. नेहमीचे रिग्रेशन साऱ्या देशाला एकच उत्तर देते. जीडब्ल्यूआर प्रत्येक ठिकाणासाठी वेगळे गणित मांडते आणि त्यात जवळच्या ठिकाणांना जास्त वजन देते. ‘जवळचे’ कुठवर धरायचे, ती हद्द म्हणजे बँडविड्थ. इंटरनेटच्या वेगाशी तिचा काही संबंध नाही.

हद्द किलोमीटरमध्ये ठरवली तर?

ही झाली स्थिर बँडविड्थ. समजा, हद्द १५० किमी ठेवली. जॉर्जिया राज्यात १५९ कौंटी दाटीवाटीने आहेत. सरासरीने हिशेब केला, तर या वर्तुळात सत्तरेक कौंटी येतात. नेवाडात १६ कौंटी आणि एक स्वतंत्र शहर, तेही जॉर्जियाच्या जवळपास दुप्पट भूभागावर. तिथे त्याच वर्तुळात जेमतेम चार! उत्पन्न, वय, घरांची दाटी, आरोग्यविमा असे चार घटक तपासायचे, तर स्थिरांक धरून पाच संख्या काढाव्या लागतात. चार आकड्यांतून त्या निघतच नाहीत. थोडे जास्त शेजारी मिळाले तरी उत्तर डळमळीतच. नकाशावर मात्र तिथेही ठळक रंग भरलेला दिसतो.

मग शेजारी मोजून घेतले तर?

ही अनुकूली बँडविड्थ. प्रत्येक ठिकाणी जवळच्या ७० कौंटी घ्यायच्या, मग त्या कितीही लांब असोत. आकड्यांचा दुष्काळ संपतो. पण नेवाडाइतकीच विरळ रचना चहूकडे धरली, तर वर्तुळ ६०० किमीपर्यंत ताणले जाते. प्रत्यक्षात शेजारच्या कॅलिफोर्नियातल्या कौंटी लहान असल्याने ते कमी भरेल. पण मग वाळवंटातल्या गावाच्या उत्तरात सॅन फ्रान्सिस्कोचे आकडे मिसळतात. त्याला ‘स्थानिक’ म्हणणे धाडसाचेच.

तरीही लहानमोठ्या, विषम विखुरलेल्या प्रदेशांसाठी अनुकूली पर्यायच सहसा बरा. किनाऱ्यावर स्थिर वर्तुळाचा अर्धा भाग समुद्रात वाया जातो, ती अडचणही इथे कमी होते. मोजमापे सारख्या अंतराच्या चौकटींत असतील, किंवा परिणाम खरोखरच किलोमीटरवर अवलंबून असेल (उदाहरणार्थ, कारखान्याच्या धुराचा), तर स्थिर हद्द जास्त अर्थपूर्ण.

संगणकावर सोपवले की झाले?

हद्द किती मोठी असावी, हे सॉफ्टवेअर ‘एआयसीसी’ या निकषाने शोधते. अचूकता आणि गुंतागुंत यांचा तो मेळ घालतो. आकडा जितका कमी, तितके चांगले. दोन्ही प्रकार चालवून तुलनाही करता येते. पण संसर्ग नेवाडात किती अंतरावर पसरतो, हे एआयसीसीला ठाऊक नसते. म्हणून जाणकार दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहतात. हद्दीचा प्रकार बदलताच एखाद्या भागात संबंधाची दिशाच उलटत असेल, तर तिथल्या रंगावर निधी ठरवणे घाईचे.

२०१७ मध्ये आलेल्या ‘मल्टिस्केल’ आवृत्तीत प्रत्येक घटकाला स्वतंत्र बँडविड्थ मिळते. किलोमीटर मोजायचे की शेजारी, हे तिथेही आधी माणसालाच सांगावे लागते.