यंत्र फिरले, पण कंडरेला काम कोण देणार?

खांदा, कोपर किंवा टाच दुखू लागली की फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जेल लावून त्यावरून धातूची छोटी चकती गोल फिरवली जाते. पाच-सात मिनिटांचे काम, वर दहा बैठकांचे पॅकेज. याने कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन, लवकर भरून येतो अशी समजूत आहे. ती निराधार नाही. पण दहा बैठकांचा खर्च पेलण्याइतकी भक्कमही नाही.

सोनोग्राफीतले ध्वनितरंगच इथे चित्र काढण्याऐवजी पेशींना डिवचण्यासाठी वापरतात. १ मेगाहर्ट्‌झचे तरंग खोल जातात, ३ मेगाहर्ट्‌झचे वरच्या थरांतच विरतात. सलग सोडले तर ऊब मिळते, थांबून थांबून सोडले तर ती फारशी जाणवत नाही. उंदीर-सशांच्या कापलेल्या कंडरांवरील अनेक प्रयोगांत त्या अधिक ताण सोसू लागल्या. आशा तिथूनच आली.

माणसांत चित्र वेगळे दिसले. रॉबर्टसन आणि बेकर यांनी २००१ मध्ये वेगवेगळ्या दुखण्यांवरील ३५ चाचण्या तपासल्या. पद्धत समाधानकारक असलेल्या १०च निघाल्या आणि त्यांतील ८ मध्ये खरा उपचार लटक्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. खांद्याच्या कंडरेत कॅल्शियम साठते, त्या दुखण्यात फायदा दिसला खरा. पण १९९९ च्या त्या अभ्यासात २४ बैठका लागल्या, आणि नऊ महिन्यांनी दोन्ही गटांतल्या वेदनांत लक्षणीय फरक उरला नाही.

कंडरेला हवा असतो हळूहळू वाढवलेला भार. स्वीडनमधील आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेची जुनी दुखणी असलेल्या १५ धावपटूंना पायरीवर उभे करून टाच सावकाश खाली सोडायला लावली. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. अभ्यास छोटा होता, पण व्यायामाची ही दिशा पुढेही टिकली. हा व्यायाम कंटाळवाणा, सुरुवातीला दुखणारा, आणि बिलात दाखवायला अवघड! यंत्राखाली पडून राहणे त्यामानाने सुखाचे. आमचा आक्षेप यंत्राला नाही. यंत्र झाले म्हणजे उपचार झाला, या समजाला आहे. पॅकेजचे पैसे भरण्याआधी ‘घरी कोणता व्यायाम करायचा, किती आठवडे?’ एवढे जरूर विचारा.

आणि टाचेमागे अचानक ‘कट्‌’ असा आवाज होऊन त्या पायाच्या चवड्यावर उभेच राहता येत नसेल, तर शेक-यंत्रात दिवस घालवू नका. कंडरा तुटलेली असू शकते. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.