कट-ऑफच्या आधी स्टुडिओची भिंत पाहा

बारावीचा निकाल लागला, आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठीच्या 'नाटा' परीक्षेचे गुण हातात आले की आमच्या काशिमिऱ्याच्या ऑफिसात पालकांची ये-जा सुरू होते. कोणी घोडबंदर गावातले, कोणी चेण्याकडचे, कोणी हायवेलगतच्या नव्या टॉवरमधले. मोबाइलवर मागच्या वर्षीच्या कट-ऑफची यादी उघडलेली असते आणि प्रश्न ठरलेला: "ताई, पहिल्या नंबरला कुठलं कॉलेज टाकू?"

मी त्यांना उलट विचारते, की यातल्या किती कॉलेजांच्या स्टुडिओत तुमची मुलगी पाऊल टाकून आली? बहुतेक वेळा उत्तर येते, एकाही नाही. हेच कुटुंब फ्लॅट घेताना सॅम्पल फ्लॅट चारदा पाहते, दुपारचे ऊन कुठून येते ते विचारते, पाण्याची वेळ विचारते. मुलीची पाच वर्षे जिथे जाणार ती जागा मात्र न बघता ठरते. ही पद्धत बदलली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

कट-ऑफ काय सांगतो? मागच्या वर्षी शेवटची जागा किती गुणांवर भरली, एवढेच. कॉलेज स्टेशनजवळ आहे का, नाव जुने आहे का, क्लासवाल्या सरांनी कुठे बोट दाखवले, मैत्रिणी कुठे गेल्या, हे सगळे त्या आकड्यात मिसळलेले असते. आत काय शिकवतात हे त्यातून कळत नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत विषयांची नावे बरीचशी सारखीच असतात: डिझाइन, कन्स्ट्रक्शन, स्ट्रक्चर्स, इतिहास, सर्व्हिसेस. पेपरवर सगळी कॉलेजे सारखी दिसतात ती त्यामुळे. फरक पडतो तो स्टुडिओत, मुलीच्या टेबलाशेजारी स्टूल ओढून कोण बसतो आणि तिच्या बटर पेपरवर पेन्सिल कशी फिरवतो, त्यावर.

एक चाळणी मात्र सर्वात आधी लावायची. कॉलेजला वास्तुकला परिषदेची मान्यता आहे का आणि त्या वर्षीची प्रवेशसंख्या मंजूर आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः बघायचे. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही, आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवीच लागते. इंटिरियरची पदवी, डिझाइनची पदवी हे चांगले मार्ग आहेत, पण ते वेगळे मार्ग आहेत. प्रवेशाच्या गडबडीत 'सगळं एकच असतं हो' असे सांगणारा कोणी भेटला तर तिथून उठावे.

आता मुद्द्याचे. माझ्या ऑफिसात ट्रेनिंगला वेगवेगळ्या कॉलेजांची मुले येतात. पहिल्या आठवड्यात मी कोणाला कॉम्प्युटरसमोर बसवत नाही. टेप, ओळंबा, पॅड देते आणि घोडबंदरच्या किल्ल्यावर पाठवते. किल्ला आमच्या गावाच्या डोक्यावर, टेकडीवर आहे. खाली वसईची खाडी. बांधला पोर्तुगीजांनी, १७३७ मध्ये साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला, आणि दोन वर्षांनी पलीकडची वसई पडली. मी मुलांना एवढेच सांगते, एक खोली मोजून आणा. प्लॅन, सेक्शन आणि एका खिडकीचा डिटेल.

कोण काय आणतो यावरून कॉलेज कळते. काही मुले चारही भिंतींची लांबी लिहून परत येतात आणि कागदावर सुबक काटकोन चौकोन काढतात. जुन्या इमारतीत काटकोन क्वचितच सापडतो. कर्ण मोजले नाहीत तर खोलीचा खरा आकार मिळतच नाही. काही मुले कर्ण घेतात, पण भिंतीची जाडी विसरतात. आणि एखादी मुलगी अशी येते की तिने भिंतीची जाडी खिडकीच्या आत हात घालून मोजलेली असते, खिडकीची बाजू आतल्या अंगाला का उतरती केली आहे त्याबद्दल दोन ओळी लिहिलेल्या असतात, चुन्याचा थर कुठे निघाला आणि तिथे मागून सिमेंट कुठे थापले आहे त्याची खूण केलेली असते, खाडीवरचा वारा दुपारी कुठून आत येतो त्याचा बाण काढलेला असतो. तिला कोणीतरी बघायला शिकवले आहे. ती कुठल्या कॉलेजची, हे मी मग विचारते, आणि ते नाव पुष्कळदा कट-ऑफच्या यादीत वर नसते.

ही शिकवण आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या जे.जे.त वास्तुकलेचे शिक्षण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्राफ्ट्समनच्या वर्गातून सुरू झाले. १९२०च्या दशकात तिथे क्लॉड बॅटली प्राचार्य झाले. हा इंग्रज माणूस विद्यार्थ्यांना जुन्या इमारती मोजायला पाठवत असे. त्या ड्रॉइंग्जमधून भारतीय वास्तुकलेवरचा त्यांचा ग्रंथ उभा राहिला, तो १९३०च्या दशकात प्रसिद्ध झाला. युरोपातल्या खांबांच्या नकला गिरवण्याच्या त्या काळात विद्यार्थ्याच्या हातात टेप देऊन त्याला देवळासमोर, वाड्यासमोर उभे करणे हा मोठा निर्णय होता. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे याच जे.जे.त शिकले, पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसकडे गेले, परत येऊन त्यांनी आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९४७ मध्ये जे.जे.त दाखल झाले, आणि त्यांनीच १९६२ मध्ये अहमदाबादला वास्तुकलेची शाळा सुरू केली, जी आज सेप्ट म्हणून ओळखली जाते. मी स्वतः जे.जे.ची आहे आणि त्या आवाराचा मला अभिमान आहे. २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हाही आनंद झाला. तरीही गुण बसतात म्हणून डोळे मिटून जे.जे. टाका, असे मी कोणालाही सांगत नाही. दोशींचे किंवा कानविंद्यांचे नाव सांगून कॉलेज आजच्या मुलीला शिकवू शकत नाही. तिला शिकवणार आहेत ते या वर्षी तिथे स्टुडिओ घेणारे शिक्षक.

मग बघायचे काय? स्टुडिओची भिंत. ज्युरीनंतर, म्हणजे मुलांच्या कामाच्या तोंडी परीक्षेनंतर, तिथे शीट्स लावलेल्या असतात. रंगीत थ्री-डी चित्रांकडे फार वेळ थांबू नका, ती आता सॉफ्टवेअर काढून देते. सेक्शन शोधा. पाया जमिनीत कसा उतरतो, स्लॅबवरचे पाणी कुठे जाते, जिन्याखाली डोके आपटणार नाही ना, हे त्या सेक्शनमध्ये दिसते का? चाळीस मुलांच्या तुकडीत चाळीस वेगवेगळी उत्तरे दिसतात, की सगळ्यांनी सरांच्या आवडीचे एकच डिझाइन फिरवून लावले आहे? साइट कुठली दिली होती? 'एक काल्पनिक प्लॉट, ५० बाय १००' असे उत्तर आले तर मला काळजी वाटते. एखादी कोळीवाड्याची गल्ली, एखादा बाजारपेठेचा नाका, उत्तनचा मासे सुकवायचा किनारा असे उत्तर आले तर तिथे थोडे जास्त थांबावे. आणि मॉडेल बनवायच्या खोलीत जावे. तिथे कचरा, कापलेला माउंट बोर्ड, फेव्हिकॉलचे डाग असायला हवेत. चकचकीत मॉडेल-रूम म्हणजे तिथे कोणी काम करत नाही.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. पहिल्या वर्षाची मुले अजून कौतुकात असतात, पाचव्या वर्षाची थिसिसने दमलेली. तिसऱ्या वर्षाचा मुलगा खरे सांगतो: डिझाइनचे सर स्वतः प्रॅक्टिस करतात का, साइटवर घेऊन जातात का, संध्याकाळी स्टुडिओ उघडा असतो का, बाहेरचे ज्युरर कोण येतात, ज्युरीत मुलीला रडवून पाठवणे म्हणजे शिकवणे असे कोणी मानत नाही ना. हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारायला सांगते. आमच्या व्यवसायात अपमानाला शिस्त समजण्याची जुनी खोड आहे, आणि हुशार मुली त्यापायी हा विषय सोडताना मी पाहिल्या आहेत.

आपल्या बाजूला पर्याय कमी नाहीत. मिरा रोडलाच एल. आर. तिवारी आहे. दोन स्टेशने पुढे बोरिवलीत आदित्य आहे, आणि एक्सरला २०१४ मध्ये सुरू झालेले स्कूल ऑफ एन्व्हायर्न्मेंट अँड आर्किटेक्चर. कांदिवलीला ठाकूर, जुहूला १९९२ पासूनचे कमला रहेजा, वांद्र्याला एल. एस. रहेजा आणि रिझवी, प्रभादेवीला रचना संसदची अकादमी, खाडीपलीकडे विरारला विवा. लांब जायची तयारी असेल, तर नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी जेईईचा दुसरा पेपर लागतो, आणि पुण्यात कर्वे संस्थेचे मुलींसाठीचे भानुबेन नानावटी आहे. यांची क्रमवारी मी देणार नाही. प्रत्येक ठिकाणी चांगला स्टुडिओ घेणारे शिक्षक असतात आणि ते बदलतातही. म्हणूनच या वर्षी जाऊन बघायचे.

अंतराचा विचार मात्र घोडबंदरच्या घराने कठोरपणे करावा. गावातून बस पकडून मिरा रोड स्टेशन, तिथून चर्चगेट लोकल, पुढे चालत कॉलेज, आणि हे सगळे हातात मॉडेल घेऊन. लेडीज डब्यातही सकाळच्या गर्दीत मॉडेल वाचत नाही. आर्किटेक्चरचा अभ्यास वर्ग सुटल्यावर सुरू होतो; सबमिशनच्या आठवड्यात रात्री जागतातच. रोजचे चार तास प्रवासात गेले तर ते झोपेतून तरी जातात किंवा डिझाइनमधून. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दोन कॉलेजांचे काम जवळपास सारखे वाटत असेल तर जवळचे घ्या, नाव लहान असले तरी. लांबचे कॉलेज कामाने खरोखर सरस दिसले, तर तिथेच घ्या आणि पहिल्या दिवसापासून हॉस्टेल किंवा खोलीचा हिशेब धरा. लांबचे कॉलेज आणि रोजची ये-जा, हा मधला मार्ग मुलीला पिळून काढतो.

पैशाचेही सरळ बोलावे. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण त्यात खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे येत नाहीत, आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला लागतो. आमच्या भागातल्या कितीतरी घरांना हा निर्णय लागू पडतो, आणि पर्याय भरताना तो कोणाच्या ध्यानात नसतो. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने जागा घेतली की ही सवलत गेली. फीशिवाय लॅपटॉप, प्रिंट, मॉडेलचे सामान, स्टडी टूर यांचा खर्च वेगळा. तो तिसऱ्या वर्षाच्या मुलालाच विचारा.

'प्लेसमेंट किती?' हा प्रश्न इंजिनीअरिंगमधून आला आहे. आर्किटेक्चरमध्ये कॅम्पसवर येऊन घाऊक भरती करणारी ऑफिसे थोडी, आणि पहिला पगार बेताचाच असतो, हे आधीच सांगितलेले बरे. त्याऐवजी मागच्या बॅचची मुले ट्रेनिंगला कुठल्या ऑफिसांत गेली ते विचारा.

हे सगळे बघायला वेळ कधी मिळणार? बारावीच्या निकालानंतर नाहीच मिळणार. फॉर्म, कागदपत्रे, जातीचा दाखला यांतच दिवस जातात. सत्राची ज्युरी दिवाळीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरात असते. अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीलाच तिथे जाऊन मागे उभे राहता यायला हवे. आज त्यासाठी ओळख काढावी लागते, आणि घोडबंदरच्या रिक्षावाल्याच्या मुलीकडे ती ओळख नसते. म्हणून कॉलेजांकडे माझी मागणी आहे: ज्युरीचा एक दिवस बाहेरच्या मुलांसाठी खुला ठेवा, तारीख महिनाभर आधी संकेतस्थळावर लावा, आणि कुठला स्टुडिओ कोण घेतो ती नावे तिथेच द्या. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या माहितीपत्रकात फी आणि प्रवेशसंख्येशेजारी ही तारीख छापायला सीईटी कक्षाला फार कष्ट नाहीत. आमच्या महापालिकेनेही पुढे यावे. दर हिवाळ्यात एका कॉलेजला किल्ला, गावठाणातली पडवी-ओट्याची जुनी घरे, खाडीकाठ मोजायला द्यावा, आणि ती ड्रॉइंग्ज पालिकेच्या सभागृहात लावावीत. आमची मुले ती बघायला चालत जाऊ शकतील, आणि कुठल्या कॉलेजची मुले कशी मोजतात ते त्यांना अर्ज भरायच्या आधी कळेल.