पडद्यावरची रेघ कोणाची?



गेल्या पावसाळ्यानंतर जबलपूरच्या एका कार्यालयात क्वार्टरांचा प्रश्न घेऊन आमचे शिष्टमंडळ गेले होते. भिंतींना गेलेले तडे, सुटलेले कोपरे, तळमजल्याच्या मोकळ्या खांबांतून डोकावणारे गंजके गज अशी यादी सोबत होती. साहेबांनी यादी बाजूला सारली आणि संगणकावर एक रंगीत चित्र उघडले. जमिनीखालचे प्रस्तरभंग त्यात लाल रेघांनी काढले होते. "बघा, तुमच्या वसाहतीखालून एकही रेघ जात नाही. आणि हे आमचे म्हणणे नाही, सॉफ्टवेअरने काढले आहे." तडे भिंतीत राहिले आणि आम्ही परत आलो.

या उत्तराचा समाचार घेतला पाहिजे. आज ते जबलपुरात मिळाले, उद्या नागपूर, भुसावळ, सोलापूर कोठेही मिळेल. कर्मचाऱ्याने प्रश्न विचारला की यंत्राकडे बोट दाखवायचे, ही आता प्रशासनाची सवयच होऊन बसली आहे.

रेल्वेतल्या मंडळींना ही विद्या तशी परकी नाही. रूळ तपासणारी अल्ट्रासॉनिक ट्रॉली तुम्ही रोज पाहता. रुळाच्या माथ्यावर पाणी सोडत ती ढकलत न्यायची. प्रोबमधून ध्वनिलहर रुळात शिरते, आत तडा असेल तर तेथून परत फिरते आणि पडद्यावर टेंगूळ उठते. पण प्रत्येक टेंगूळ म्हणजे तडा नव्हे. बोल्टचे भोक पडसाद देते, वेल्डिंगचा जोडही देतो. उलट एखादा तडा अशा कलाने बसलेला असतो की सरळ खाली पाहणाऱ्या प्रोबला तो दिसतच नाही, त्याला सत्तर अंशांचा प्रोब लागतो. हा फरक ओळखणारा माणूस वर्षानुवर्षे उन्हात चालून तयार होतो. तो रुळावर लाल फुल्या मारतो आणि कागदावर सही करतो. पुढे रूळ तुटला तर पहिला जबाब त्याच्याकडे मागतात. ट्रॉलीने सांगितले म्हणून मी गप्प बसलो, असे उत्तर त्याने दिले तर चार्जशीट ठरलेली.

जमिनीचे काम याच तत्त्वावर चालते, फक्त माप मोठे. भोके पाडून सुरुंग उडवायचे किंवा जड वाहनाने जमीन थरथरवायची, कोसच्या कोस केबल अंथरून जिओफोन रोवायचे, आणि खालच्या थरांवर आदळून परत येणाऱ्या लहरींच्या वेळा टिपायच्या. भोके पाडणारे आणि केबल ओढणारे हात बहुतेक वेळा रोजंदारीचे, हेही येथे नोंदवतो, कारण रंगीत चित्राखाली त्यांचे नाव कधी नसते. टिपणांची जुळणी झाली की पडद्यावर थरांच्या ओळी उमटतात. ओळ चालता चालता तुटली आणि पलीकडे वर किंवा खाली सरकून पुन्हा सुरू झाली, तर तेथे प्रस्तरभंग असावा असे मानून तज्ज्ञ तुटींवरून काडी ओढतो. शेजारच्या छेदावर दुसरी काडी. अशा काड्या जोडून सॉफ्टवेअर त्यांचा पडदा विणते. सगळा खेळ त्या 'असावा' या शब्दात आहे. खडक वर-खाली न होता नुसता आडवा सरकला असेल तर ओळी समोरासमोरच राहतात आणि तूट दिसत नाही. लहरींचा वेग धरण्यात चूक झाली तर धड असलेली ओळही वाकडी किंवा तुटलेली भासते.

"तुम्हाला भूगर्भशास्त्रातले काय कळते?" असे विचारले जाईल. आम्हाला कमी कळते, कबूल. ज्यांना कळते त्यांची परीक्षा मात्र झालेली आहे. २००७ साली ब्रिटनमधील संशोधिका क्लेअर बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक छेद मुद्दाम तयार केला, म्हणजे उत्तर त्यांना आधीच ठाऊक होते. तो ४१२ भूवैज्ञानिकांपुढे ठेवला. त्या जागी भूगर्भात काय घडले हे फक्त २१ टक्क्यांनी बरोबर ओळखले. मुख्य तीन प्रस्तरभंग दाखवणारे २३ टक्के. ज्याचा अनुभव ज्या प्रकारच्या प्रदेशातला, त्याला छेदात तोच प्रदेश दिसण्याकडे कल होता. यात त्यांची नाचक्की नाही, उलट त्या विद्येने स्वतःची तपासणी स्वतः केली, हे तिला भूषण आहे. पण एकच छेद पाहून जाणकारांत एवढे मतभेद असतील, तर साहेबांच्या संगणकातली एकुलती एक रेघ ब्रह्मवाक्य कशी होते?

यावर नवे उत्तर तयार आहे: आता माणूस काढतच नाही, यंत्र स्वतः शिकून काढते. यंत्र शिकते कशावर? २०१९ साली गाजलेली अशी एक पद्धत संगणकातच बनवलेल्या कृत्रिम छेदांवर शिकवलेली होती. कृत्रिम छेद बनवणारा माणूस, त्यात कोणत्या जातीचे भंग घालायचे हे ठरवणारा माणूस. यंत्र टक्केवारी दाखवते, ती "शिकवलेल्या चित्राशी हे किती जुळते" याची असते. तिला भूकंपाच्या शक्यतेची टक्केवारी समजणे ही शुद्ध फसगत. टपालातल्या मंडळींना आठवत असेल, मुंबईत १९९३ साली पत्रे छाननीचे स्वयंचलित यंत्र आले. पत्ता वाचता आला नाही तर ते पत्र शेवटी माणसाच्या हातात येते, आणि जुना सॉर्टर अर्ध्या पुसलेल्या अक्षरांवरून गाव सांगतो. तेथे निदान न वाचलेले पत्र हातात दिसते. येथे न वाचलेली जागा पडद्यावर नुसती कोरी राहते आणि कोऱ्या जागेला साहेब 'सुरक्षित' म्हणतात.

आमचा यंत्राला विरोध नाही. ही सॉफ्टवेअरे तेलाच्या धंद्यात वाढली. बॉम्बे हायसारख्या समुद्रात जहाजे अगदी जवळजवळ रेषा घेतात, वर विहिरी खोदून पडताळा पाहतात. तेथे ती उत्तम काम देतात. नर्मदेच्या खोऱ्यात तसे जाळे कोठे आहे? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने हिरापूर ते मंडला अशी खोल सर्वेक्षणाची एक रेषा जबलपूरजवळून नेली. नर्मदा-सोन पट्ट्यावरचे तिचे निष्कर्ष १९८९ साली छापून आले. सार्वजनिक पैशाने आणि सरकारी नोकरांच्या मेहनतीने झालेले ते मोलाचे काम. पण एक रेषा ती एकच रेषा. तिच्यावर दिसलेला भंग डावी-उजवीकडे शहराच्या कोणत्या मोहल्ल्याखालून जातो हे ती रेषा सांगत नाही. ते सांगणारे चित्र कोणीतरी ठिपके जोडून काढलेले असते.

आणि जरी रेघ अचूक असली तरी? २२ मे १९९७ ची पहाट जबलपूरकर विसरलेले नाहीत. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास ५.८ तीव्रतेचा धक्का बसला, सुमारे चाळीस माणसे गेली. केंद्र होते जवळपास ३५ किलोमीटर खोल, नर्मदेच्या दक्षिण प्रस्तरभंगाशी तो जोडला जातो. एवढ्या खोलीवरचा भंग जमिनीवर फाटून आला नाही. म्हणजे रेघ घराखालून गेली काय अन् दहा किलोमीटरवरून गेली काय, हादरा सगळ्यांनाच बसायचा होता. माणसे मेली ती पडलेल्या घरांखाली. तळमजला वाहनांसाठी मोकळा आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारतींच्या खालच्या खांबांना तेव्हा येथेच मार बसला होता. २००१ साली अहमदाबादेत तशाच इमारती कोसळल्या, आणि २००२ च्या भारतीय मानकात अशा मोकळ्या तळमजल्यांसाठी वेगळे नियम आले. शिष्टमंडळाच्या यादीत नेमके तेच खांब होते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना किल्लारी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला आठ-दहा हजार माणसे गेली तेव्हा तो भाग नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. रेघ नव्हती. काळ्या पाषाणाचे थर खालचे चित्र झाकून ठेवतात. नंतर तेथे ६१७ मीटर खोल भोक पाडले, तेव्हा ३३८ मीटरवर काळा पाषाण संपून जुना खडक लागला. कोऱ्या नकाशावर भरवसा ठेवण्याची किंमत किल्लारीने मोजली. तेवढ्यानेही नोकरशाहीचे समाधान झालेले दिसत नाही!

खरे कारण वेगळे आहे. दुरुस्तीला पैसा लागतो, चित्राला तो कमी लागतो. चित्राचे काम कंत्राटाने देता येते, अहवालावर कंपनीचा शिक्का असतो, काढणाऱ्याचे नाव नसते. त्याच वेळी क्वार्टरांची देखभाल करणारी गवंडी-सुतारांची पदे रिकामी ठेवायची. नाव नसले की जबाबदारी नाही, आणि पद नसले की काम नाही.

तेव्हा शाखांनी पुढील बैठकीत रेघेवर वाद घालत बसू नये. साहेब चित्र दाखवतील तेव्हा लेखी विचारावे: हा छेद कोणत्या रेषेवरचा, ती रेषा वसाहतीपासून किती लांब, किती जाणकारांनी तो स्वतंत्रपणे वाचला, त्यांच्यात मतभेद कोठे झाले, अहवालाखाली कोणाची सही आहे. आणि शेजारीच दुसरा कागद ठेवावा, कोणत्या इमारतीचे कोणते खांब, कोणत्या साली बांधलेले, तपासणी शेवटची केव्हा. जबलपूर भूकंपाच्या तिसऱ्या पट्ट्यात असल्याचे २००२ च्या मानकातच छापलेले आहे, त्याप्रमाणे इमारत तपासून मागायला कोणत्याही लाल रेघेची गरज नाही.

तोवर एक काम आपल्याच हातात आहे. प्रत्येक मोठ्या तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा, तिच्यावर तारीख घाला. तडा वाढला की काच फुटते. फुटल्याची तारीख, इमारतीचा क्रमांक आणि पाहणाऱ्या दोघांच्या सह्या शाखेच्या वहीत नोंदवून तिची नक्कल बैठकीच्या आठ दिवस आधी कार्यालयात पोच घेऊन द्या.